आधी बिल उतरवा, मग वर्गणी मागा: गावाकडच्या बाईच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी पैसे कसे उभे करायचे

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून डॉक्टर म्हणतात, ‘झडप खराब झालीय, बदलावी लागेल, साडेतीन-चार लाख लागतील.’ घरी आल्यावर पहिलं बोलणं निघतं ते काय विकायचं याचं. दुभती म्हैस, अर्धा एकर, अंगावरचं सोनं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भाचा मोबाईलवर मदतीचं आवाहन टाकतो, त्यात चार लाखांचा आकडा असतो, आणि आठवड्याभरात अकरा हजार जमतात. या सगळ्यात क्रम उलटा झालेला असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांना झडपेच्या ऑपरेशनचं बिल भरावंच लागू नये अशी सोय सरकारी योजनेत आहे. पैसे लागतात ते बिलाच्या आजूबाजूच्या खर्चाला, आणि तो आकडा बराच लहान असतो. म्हणून आधी बिल उतरवायचं आणि उरेल तेवढ्यासाठीच लोकांकडे जायचं.

इथे उदाहरण झडपेचं घेतलं आहे, कारण लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या बाया खेड्यापाड्यात अजूनही सापडतात. विशी-तिशीत धाप लागते, कित्येकींचा आजार पहिल्यांदा बाळंतपणातच कळतो. पण खालची बरीचशी वाट कुठल्याही मोठ्या ऑपरेशनला लागू पडते.

ऑपरेशन लागणारच आहे ना?

पैशाला हात घालण्याआधी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्या. मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूची) झडप आकसलेली असेल आणि तिची ठेवण बरी असेल, तर छाती न उघडता जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. खर्च कमी, दोन-तीन दिवसांत घरी. इकोचा नुसता कागद नव्हे तर सीडी किंवा पेनड्राइव्हही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरला हलती चित्रं बघावी लागतात, नाहीतर तो पुन्हा इको करायला लावतो. मत घ्यायला जवळचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय पुरेसं आहे.

गर्भाशयाच्या बाबतीत तर ही पायरी कधीच गाळू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायांची गर्भपिशवी काढल्याचं २०१९ साली उघड झालं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, म्हणून ‘पिशवी काढून टाका’ असं तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं, तर त्यासाठी पैसे गोळा करू नका. जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

मात्र दुसऱ्या मताच्या नावाखाली महिने घालवू नका. रात्री आडवं झोपता येत नाही, पाय सुजलेत, खोकल्यात रक्त येतंय, किंवा बाई गरोदर आहे, अशा वेळी त्याच दिवशी निघा. कागद मागून आणता येतात.

कागद, आणि नावाचा घोळ

सगळ्यात जास्त दिवस इथे जातात. चार कागद सगळीकडे लागतात: आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याचं अंदाजपत्रक.

बाईच्या बाबतीत हमखास अडतं ते नाव. आधारवर माहेरचं नाव, सासरच्या रेशनकार्डावर नावच नाही, बँकेत तिसरंच स्पेलिंग. लग्नाला बारा वर्षं झाली तरी माहेरच्या कार्डातून नाव कमी केलेलं नसतं. योजनेच्या टेबलावर संगणक आधार आणि रेशनकार्ड जुळवून बघतो. जुळलं नाही की ‘दुरुस्त करून आणा’ म्हणून परत पाठवतात. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरण्याची वाट न बघता आजच हे करा: माहेरच्या तालुक्याच्या पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला, मग सासरच्या तालुक्यात तो दाखला, आधार आणि विवाह नोंदणीचा कागद देऊन नाव चढवणं. पावती जपून ठेवा आणि रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक लिहून घ्या. आयुष्मान कार्ड, म्हणजे सरकारी योजनेतून मोफत उपचारांचं कार्ड, काढताना तोच विचारतात. आयुष्मान कार्ड फुकट निघतं. गावातल्या आशाताईला विचारलं तर कुठे आणि कधी ते ती सांगते.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड आणि स्वयंघोषणापत्र घेऊन सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करायचा. पंधरा दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी. दाखल्यावरचा आकडा कुठे कामाला येतो ते समजून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,६०,००० रुपये आहे. धर्मादाय रुग्णालयात पूर्ण मोफत उपचारांसाठी १,८०,००० आणि निम्म्या दरासाठी ३,६०,०००. म्हणजे दाखल्यावर १,७५,००० असतील तर मुख्यमंत्री निधीचं दार बंद, पण धर्मादाय खाट पूर्ण मोफत. खोटा आकडा लिहून घेऊ नका. पण मोलमजुरी करणाऱ्या घराचं उत्पन्न तलाठ्याने अंदाजाने वाढवून लिहिलं असेल तर तिथेच सांगून दुरुस्त करून घ्या.

पहिलं दार: जन आरोग्य योजना

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आता एकत्र चालतात. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आणि पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न करता सगळ्या रेशनकार्डांना प्रवेश मिळाला. ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला मिळत नाही’ ही समजूत अजून खेड्यात आहे, ती जुनी झाली. झडप बदलणं योजनेत बसतं, आणि झडपेची किंमत पॅकेजमध्येच धरलेली असते.

करायचं असं. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करून आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यात हृदयाच्या ऑपरेशनसाठी कुठली रुग्णालयं योजनेत आहेत ते विचारा. नुसतं ‘योजनेत आहे का’ विचारून भागत नाही; एखादं रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं, हृदयाच्या नसतं. तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर नोंदणी करा, मग केसपेपर. हा क्रम महत्त्वाचा आहे. घाबरलेले नातेवाईक थेट भरती करतात, अनामत भरतात, आणि तिसऱ्या दिवशी योजनेचं विचारतात. तोवर रुग्ण ‘पैसे भरणारा’ म्हणून नोंदलेला असतो आणि कागद फिरवणं जिकिरीचं होतं. तातडीने भरती करावी लागली, तर एकाने रुग्णाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने त्याच दिवशी आरोग्यमित्र गाठावा.

योजनेची पूर्वमंजुरी आल्यावर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. ‘चांगल्या कंपनीची झडप हवी असेल तर चाळीस हजार वरचे द्या’ असं कुणी म्हणालं, तर पावती मागा आणि तिथूनच हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक वहीत लिहा. दाखल असतानाचं रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही योजनेत आहे. हे भाडं बहुतेक लोक मागतच नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी मागा.

योजनेतलं जवळचं रुग्णालय लांबची तारीख देत असेल, तर सरकारी मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा: मुंबईचं केईएम, नागपूरचं शासकीय सुपर स्पेशालिटी. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या रुग्णालयात हृदयाची ऑपरेशनं होतात. पुट्टपर्ती आणि बंगळुरूच्या व्हाइटफील्डच्या सत्य साई रुग्णालयांत बिलच नसतं. रांग असते, म्हणून तिथे जाण्याआधी कागद दाखवून तारीख घ्यावी.

दुसरं दार: धर्मादाय खाट

कागद जुळत नाहीत किंवा योजनेतलं रुग्णालय सोयीचं नाही, तर मोठ्या शहरातली ट्रस्टची रुग्णालयं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांना निम्म्या दराने द्यायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक बिलातले २ टक्के वेगळ्या निधीत जमा होतात. म्हणजे हा रुग्णालयाचा उपकार नाही, हे मनात पक्कं ठेवून पण सभ्यपणे बोला.

तिथे भेटायचं ते वैद्यकीय समाजसेवकाला. रुग्णालयात सगळे ‘एमएसडब्ल्यू’ म्हणतात. बिलिंगच्या खिडकीवर हुज्जत घालून काही होत नाही. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या. ‘खाट शिल्लक नाही’ असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा खाट सापडते. नाहीच सापडली तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तो कागद घेऊन जा. जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला अनामतीसाठी अडवून ठेवता येत नाही, हेही याच धर्मादाय योजनेत आहे.

एक ध्यानात ठेवा: दुर्बल घटकात बसलात तरी औषधं, झडप आणि साहित्याचा निम्मा तरी भार तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून अंदाजपत्रक मागताना खाट, ऑपरेशन, औषधं आणि झडप हे आकडे वेगवेगळे लिहून मागा.

तिसरं दार: निधी आणि ट्रस्ट

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आता मुंबईला खेटे घालायची गरज नाही. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयात त्याचे कक्ष सुरू झाले आहेत. ऑपरेशन जन आरोग्य योजनेत बसत असेल तर आधी योजनाच वापरायला सांगतात. अंदाजपत्रक खाजगी रुग्णालयाचं असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकाची पडताळणी लागते. रुग्ण दाखल असल्याचा ठिकाण दाखवणारा फोटो लागतो. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. डिस्चार्ज झाल्यावर, भरलेल्या बिलाची भरपाई म्हणून, काही मिळत नाही. सगळ्यात जास्त अर्ज वाया जातात ते याच एका गोष्टीने. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीचा अर्जही ऑपरेशनच्या आधीच करायचा. खासदारांच्या कार्यालयातून तो नीट भरून पाठवतात.

मुंबईचा सिद्धिविनायक मंदिर न्यास २५,००० पर्यंत वैद्यकीय मदत करतो. टाटा ट्रस्ट व्यक्तीला उपचारांसाठी मदत देत आले आहेत, सध्या अर्ज घेतात का ते आधी विचारा. बाकी लहानमोठ्या ट्रस्टची यादी एमएसडब्ल्यूच्या टेबलाच्या खणात असते, ती मागून घ्या. अनेक जिल्हा परिषदा स्वनिधीतून हृदय, किडनी आणि कर्करोगाच्या रुग्णांना १५,००० रुपये देतात. तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे विचारा. नवरा किंवा बाई बांधकाम कामगार म्हणून नोंदणीकृत असेल तर कामगार कल्याणकारी मंडळाकडे गंभीर आजारासाठी १ लाखापर्यंतची तरतूद आहे. नोंदणीचं नूतनीकरण झालेलं आहे ना, ते आधी बघा.

प्रत्येक ट्रस्टला मूळ अंदाजपत्रक लागतं, एकच मूळ प्रत सगळीकडे फिरवता येत नाही. म्हणून डॉक्टरांकडून एकाच वेळी चार-पाच प्रती घ्या, प्रत्येकीवर ताजी सही आणि शिक्का. अर्जात दुसरीकडून काय मंजूर झालंय ते लपवू नका. ट्रस्टची माणसं एकमेकांना ओळखतात, आणि लपवलेलं कळलं तर दोन्हीकडची मदत जाते. हिशेब असा मांडा: अंदाजपत्रक २,८०,०००, दुर्बल घटकाची सवलत धरून उरले १,४०,०००, समजा तीन ट्रस्टकडून ६५,००० मंजूर, जिल्हा परिषद १५,०००, कमी पडतात ६०,०००. या शेवटच्या आकड्यासाठी चौथ्या ट्रस्टकडे किंवा गावाकडे जायचं. ‘दोन लाख ऐंशी हजार हवेत’ म्हटलं तर देणारा आपल्या पाचशेने काय होणार म्हणून गप्प बसतो.

खरा खर्च किती, तो मांडा

योजनेतून ऑपरेशन झालं तरी हातात पैसे लागतात. नमुन्याचा हिशेब, भाव आपल्या भागाचे घाला:

भरतीआधीच्या तपासण्या आणि दात दाखवणं: ४,०००
दोघांच्या तीन फेऱ्या: ३,६००
सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण, १८ दिवस, रोज ३५०: ६,३००
त्याची बुडालेली मजुरी, १८ दिवस, रोज ४५०: ८,१००
पहिल्या वर्षाची औषधं आणि रक्त तपासणी, महिना ९०० प्रमाणे: १०,८००
अडीअडचणीला: १०,०००
एकूण: ४२,८००

दाताची ओळ बघून लोक चकित होतात. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसतात, म्हणून दात साफ झाल्याचा कागद आल्याशिवाय शल्यविशारद हात लावत नाहीत. हे तालुक्यालाच उरकून घ्या, नाहीतर शहरात आठवडा जातो.

प्रवासात कपात होते. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरूनच काढायचं. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांसाठीच आहे. रुग्णालयाचं पत्र सोबत ठेवा.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती औषधांची ओळ. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर, आणि त्यासाठी आयएनआर ही रक्ताची तपासणी नियमित, सुरुवातीला तर दर आठवड्याला-पंधरवड्याला. शिवाय डॉक्टर सांगतील तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. पैसे संपले म्हणून गोळी थांबली की झडपेवर गुठळी धरते आणि झडप अडकते. मग जी धावपळ होते ती पहिल्या ऑपरेशनहून महाग आणि जिवावरची असते. मूल हवं असलेल्या बाईसाठी तर कुठली झडप हा प्रश्न पैशाआधीचा आहे, कारण ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते. हे डॉक्टरांशी बाईने स्वतः बोलावं, नवऱ्याने आणि सासऱ्याने परस्पर ठरवू नये.

गावातून पैसे

आधी बचत गट. गटातलं अंतर्गत कर्ज महिना शेकडा एक-दोनाने मिळतं. उमेद अभियानाच्या ग्रामसंघाकडे (गावातल्या बचत गटांचा मिळून संघ) जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच अडचणीसाठी आहे. मासिक बैठकीची वाट न बघता अध्यक्ष-सचिवांना तातडीची बैठक घ्यायला सांगा. सावकाराकडे शेकडा पाचाने ५०,००० घेतले तर महिन्याला २,५०० नुसतं व्याज, वर्षाचे ३०,०००. त्यापेक्षा सोनं बँकेत किंवा पतसंस्थेत तारण ठेवा. जमीन विकणं अगदी शेवटी. घाईत विकलेल्या जमिनीला भाव येत नाही आणि ऑपरेशननंतर बाई बरेच महिने जड काम करणार नसते, तेव्हा घराला त्या तुकड्याचाच आधार असतो.

वर्गणीसाठी तीन माणसं ठरवा: एक घरातलं, एक शिक्षक किंवा ग्रामसेवकासारखं हिशेबी, आणि एक बाई. वही एकच. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानाचा फोटो गटावर टाकायचा. मंडळाच्या नावाने पेटी घेऊन बाजारात फिरणार असाल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्या.

पैसे कुठे जमा करायचे? शक्यतो रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा नोंदणी क्रमांक शेऱ्यात लिहून. घरातल्या खात्यात घ्यायचे असतील तर ते बाईच्या नावाचं असावं, आणि आधी बँकेत जाऊन केवायसी (ओळखीच्या कागदांची पूर्तता) पूर्ण आहे का विचारा. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या ‘छोट्या खात्यात’ वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, शिल्लक ५०,००० च्या वर जात नाही आणि महिन्याला १०,००० च काढता येतात. ऐन ऑपरेशनच्या सकाळी हे कळतं. बिलापोटी २ लाख किंवा जास्त रोख रुग्णालय घेऊ शकत नाही, तेव्हा सगळं पिशवीत घेऊन जाऊ नका. देणाऱ्याला करसवलत हवी असेल तर व्यक्तीला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. ८० जी (करसवलतीची नोंदणी) असलेल्या ट्रस्टमार्फत, आणि रोख २,००० च्या आतच. परदेशातल्या मराठी मंडळींपैकी भारतीय पासपोर्ट असलेले आपल्या खात्यातून थेट पाठवू शकतात. तिथलं नागरिकत्व घेतलेल्यांनी परदेशी देणगीची परवानगी असलेल्या संस्थेमार्फतच पाठवावं.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशा मंचांवर आवाहन टाकता येतं. पण तिथे ज्याच्या ओळखी शहरात आहेत त्याचेच पैसे जमतात. गावातून नोकरीला गेलेली पंचवीस-तीस माणसं आधी फोनवर गाठा, मग दुवा पाठवा. वर्गमित्रांचा गट, कारखान्यातला गावकऱ्यांचा गट, मुंबईतलं तालुका मंडळ. संदेश असा असावा:

‘आपल्या गावातल्या, वय ३४, दोन मुलांच्या आईची हृदयाची झडप बदलायची आहे. ऑपरेशन जन आरोग्य योजनेतून मंजूर झालं आहे, त्याचे पैसे नकोत. तपासण्या, प्रवास, राहणं आणि वर्षभराची औषधं यासाठी ४२,८०० लागतात. गटाकडून १५,००० मिळाले. २७,८०० कमी आहेत. मंजुरीपत्र बघायला मिळेल. २० तारखेला वर्गणी बंद. जास्त जमले तर तिच्याच औषधांसाठी बँकेत ठेवू, आणि ऑपरेशन झालं नाही तर ते पैसे मुलांच्या नावे राहतील, ज्यांना परत हवेत त्यांना परत.’

शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, पण ते आधीच लिहा. नंतर त्यावरून घरात आणि गावात भांडणं लागतात.

फोटो टाकायचा की नाही हे बाईला विचारा. नळ्या लावलेला फोटो तिच्या मुलांच्या शाळेपर्यंत फिरतो. आधार, रेशनकार्ड, संपूर्ण रिपोर्ट कुठेही टाकू नका. भामटे तोच मजकूर उचलून खाली आपला क्यूआर कोड लावतात. क्यूआरच्या चित्रावरच खातेदाराचं नाव ठळक लिहा आणि ‘पैसे पाठवण्याआधी हेच नाव दिसतंय का बघा’ अशी ओळ द्या. गर्भाशयाचं किंवा स्तनाचं ऑपरेशन असेल तर संदेशात ‘मोठी शस्त्रक्रिया’ एवढंच पुरे. ज्याला खात्री हवी त्याला कागद दाखवता येतात.

ठरलेल्या तारखेला वर्गणी बंद करा, जमा-खर्चाचं शेवटचं पान टाका आणि उरलेले पैसे बाईच्या खात्यात ठेवून आयएनआरच्या पुढच्या तारखा त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून वही तिच्या हातात द्या.